पर्यायी लायब्ररी: सापडली तर घ्यायची, की सांगितली तर घ्यायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. झेडस्टँडर्ड (डेटा लहान करणारी लायब्ररी) वापरून होणारं कॉम्प्रेशन तुमच्या प्रोग्रामात पर्यायी आहे. सीमेक या बिल्डच्या साधनात तुम्ही फाइंड_पॅकेज (लायब्ररी शोधणारी कमांड) 'रिक्वायर्ड'शिवाय लिहिलंय, म्हणजे ती सापडली नाही तरी बिल्ड थांबत नाही. तुमच्या मशीनवर सगळं चालतं, पण बिल्ड सर्व्हरवर लायब्ररी नव्हती, तरी बिल्ड हिरवा झाला आणि रिलीजमधून ती सोय गायब. आता 'रिक्वायर्ड' टाकलं तर ज्यांना ती नकोच आहे त्यांचा बिल्ड अडतो.

'रिक्वायर्ड' टाकावं की नाही, हा मुद्दा नंतरचा. आत्ता निर्णय घेतंय मशीन, आणि तो घ्यायला हवा बिल्ड करणाऱ्या माणसाने. जेंटू या सोर्समधून बिल्ड होणाऱ्या लिनक्सची मंडळी अशा अवलंबनांना 'ऑटोमॅजिक' म्हणतात आणि त्यांच्यावर वैतागलेली असतात, ते रास्तच आहे: एकच सोर्स, एकच कमांड, आणि त्या दिवशी मशीनवर काय पडलेलं होतं त्यावर बायनरी ठरते.

म्हणून आधी सीमेकची ऑप्शन() कमांड घालून एक स्विच द्या. स्विच चालू असेल तर त्याच अटीच्या आत फाइंड_पॅकेज 'रिक्वायर्ड'सकट लिहा. बंद असेल तर शोधूच नका. 'मागितलं, मिळालं नाही, तरी पुढे गेलो' ही तिसरी अवस्था उरतच नाही. चालू ठेवून फक्त वॉर्निंग छापणारे लोक आहेत. हजार ओळींच्या लॉगमधली ती वॉर्निंग कोण वाचतं?

मेसन या दुसऱ्या बिल्ड साधनाने हे भाषेतच बसवलंय. ०.४७ पासून फीचर प्रकारचा ऑप्शन आहे: एनेबल्ड, डिसेबल्ड, ऑटो (सापडलं तर घे). ऑटो घरच्या बिल्डला सोयीचं. रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये मात्र ऑटो_फीचर्स एनेबल्ड करून टाका, म्हणजे जे मिळणार नाही तिथे कॉन्फिगर थांबेल. सीमेकमध्ये दुसऱ्याचा कोड बिल्ड करत असाल आणि त्याची फाइल बदलायची नसेल, तर सीमेक_डिसेबल_फाइंड_पॅकेज_ च्या पुढे पॅकेजचं नाव जोडून कमांड लाइनवरून शोध बंद करता येतो. उलट सक्ती करायची तर सीमेक_रिक्वायर_फाइंड_पॅकेज_ आहे, ३.२२ पासून.

एकाच पॅकेजचे काही कंपोनंट पर्यायी असतील, उदाहरणार्थ क्यूटी या ग्राफिकल लायब्ररीचा कोअर हवाच पण एसव्हीजी असला तर बरा, तर ऑप्शनल_कंपोनंट्स मिळतं. त्यातलं काही सापडलं नाही तरी पॅकेज 'सापडलं' असंच धरलं जातं. म्हणजे पुन्हा तोच ऑटोमॅजिक प्रकार. मी स्विच चालू असेल तर एसव्हीजीचं नाव सरळ कंपोनंट्सच्या यादीत घालतो. ऑप्शनल ठेवायचंच असेल तर लिंक करण्याआधी त्या कंपोनंटचं टार्गेट (सीमेकमधलं त्याचं नाव) अस्तित्वात आहे का, ते तपासा.

बरेच जण अडकतात ते पुढे, कोडमध्ये. सीमेक बनवतं त्या कॉन्फिग हेडरमध्ये स्विचसाठी सीमेकडिफाइन०१ वापरलं की मॅक्रो कायम डिफाइन असतो, ० किंवा १. मग कुणीतरी सवयीने #इफडेफ लिहितो, जे मॅक्रो डिफाइन आहे का एवढंच बघतं, आणि बंद असलेलं फीचर चालू समजलं जातं. ०/१ ठेवा, #इफ वापरा आणि कंपायलरला -डब्ल्यूअनडेफ (#इफमध्ये डिफाइन नसलेला मॅक्रो आला तर वॉर्निंग) लावा, म्हणजे मॅक्रोच्या नावातली चूकही पकडली जाईल. आणि कृपा करून सार्वजनिक हेडरमधल्या स्ट्रक्टचे सदस्य अशा मॅक्रोवर अवलंबून ठेवू नका. लायब्ररी एका सेटिंगने आणि ती वापरणारा दुसऱ्या सेटिंगने बिल्ड झाला तर स्ट्रक्टचा मेमरीतला लेआउट जुळत नाही, आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही.

लायब्ररी इन्स्टॉल करून देत असाल तर पॅकेजच्या कॉन्फिग फाइलीत फाइंड_डिपेंडन्सी (वापरणाऱ्याकडे अवलंबन शोधणारी कमांड) ही बिल्डच्या वेळी जे चालू होतं त्यावरच अवलंबून लिहा. स्टॅटिक लायब्ररीत खासगी अवलंबनसुद्धा शेवटी लिंकच्या वेळी लागतंच.

सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये) दोन बिल्ड ठेवा, सगळे स्विच चालू आणि सगळे बंद. दुसरा बहुधा लगेच पडेल: कुठल्यातरी फाइलीत झेडस्टँडर्डचं हेडर अटीशिवाय इन्क्लुड केलेलं निघतं.