तास वाजतो का?

प्रश्न असा आला आहे: "माझ्या कथेची नायिका कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये मध्यरात्री जागी आहे. खिडक्या बंद, एसी चालू. मी लिहिलं, 'दूर कुठंतरी तास वाजला.' कथालेखनाच्या वर्गात सरांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, तास म्हणजे साठ मिनिटं, ती वाजत नाहीत. 'घंटा वाजली' असं लिहा. शिवाय 'वेळ सरला' की 'वेळ सरली' यावरही वाद झाला. बरोबर काय?"

सरांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं लाल पेन तेवढं काढून घ्या. तास वाजतो. साठ मिनिटांचा होण्याआधीपासून तो वाजत आलाय.

पण आधी माझी एक चीड. परवा मध्यवर्ती बसस्थानकावर एक पोरगा फोनवर सांगत होता, "दोन घंटे झाले, गाडी न्हाई." बाकी सगळी बोली अस्सल कागलची, आणि मधेच हे घंटे! मराठीत घंटा देवळात असते, शाळेत असते, आणि हल्लीच्या पोरांच्या तोंडी नकार म्हणून असते, ती इथं नको. दोन तास म्हणायला जिभेला काय त्रास होतो, कळत नाही.

गणिताचा तास, ताशी साठ किलोमीटर, तासन्‌तास वगैरे तुम्हाला येतंच. ते सोडून देतो. गंमत पुढं आहे.

तास हे भांडं आहे. फारसीत 'तास' म्हणजे वाटी, पेला, पसरट पात्र. हाच शब्द अरबांच्या हातून युरोपात पोचला. इटालियन माणसाचा 'तात्सा', स्पॅनिश माणसाचा 'तासा' हे चहा-कॉफीचे कप. फ्रेंच माणूस तर कपाला उच्चारात चक्क 'तास'च म्हणतो. पॅरिसात एक तास कॉफी मागवायची आणि त्यावर दोन तास बसायचं, हे वाक्य दोन्ही भाषांत एकदम खरं ठरतं! जेवणानंतर हात धुवायला पुढं करायचे ते तस्त याच घराण्यातलं. ताशाही तिथलाच, चामडं ताणून बसवलेली वाटी, दुसरं काय? आम्ही हलगी-घुमक्याची माणसं, त्यामुळं ताशाचं मूळ खरं तर पुणेकरांनी सांगायला हवं होतं. पसरट तोंडाचं तसराळंही मी याच पंगतीला बसवतो. कुणाला ते खपत नसेल तर त्यांनी वेगळं पान मांडावं.

आता भांड्याचा वेळेशी संबंध. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने (राज्यकाल १३५१ ते १३८८) फिरोजाबादेत वेळ सांगणारं एक यंत्र बसवलं होतं. त्याचं नाव 'तास-ए-घडियाल'. बघा, आपला तास आणि आपलं घड्याळ सहाशे वर्षांपूर्वी एकाच नावात शेजारी शेजारी बसलेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवून घरातल्या प्रत्येकाला सांगत सुटलो होतो. कुणाला काही वाटलं नाही, ते जाऊ द्या.

यंत्र साधं. घंगाळात पाणी, त्यावर तांब्याची पातळ वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. पाणी आत झिरपत राहतं, चोवीस मिनिटांत वाटी भरते आणि बुडते. ही एक घटका. अशा साठ घटकांची दिवसरात्र, साडेसात घटकांचा प्रहर, अडीच घटकांचा आजचा तास. लग्नात भटजी हेच घटिकापात्र मांडून बसायचे. वाटी बुडाली की राखणारा घडियालजी टांगलेल्या जाड पितळी थाळीवर टोला हाणायचा.

इथं विद्वानांचं आणि माझं जमत नाही. ते म्हणतात, तास म्हणजे ती टांगलेली थाळी, विषय संपला. पुरावा म्हणून 'तास वाजे ठणाणा' ही जुनी ओळ तोंडावर फेकतात. ओळ खरी आहे, आणि तुमच्या सरांच्या लाल रेघेला तेवढी पुरेशी आहे. पण माझं म्हणणं असं की मूळ तास ती बुडणारी वाटी. जगभर हा शब्द पातळ पदार्थ धरणाऱ्या खोल भांड्याला लागतो. सपाट थाळीत कॉफी कोण पितं? (बशीत चहा ओतून पिणारे आपण आहोत, हा मुद्दा विरोधकांच्या आधी मीच मांडून टाकतो.) वाटी बुडाली की थाळी वाजायची, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली, एकाच ओसरीवर. नाव एकीवरून दुसरीवर जायला किती वेळ लागणार? एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ऐकवलं की हा पुरावा नव्हे, कविकल्पना आहे. त्यांनी आयुष्यभर शब्दकोश पाहिले, घंगाळ पाहिलं नाही, एवढंच म्हणतो.

दुसरा एक पक्ष आमच्या शिवारातला. नांगर चालला की जमिनीत जो चर पडतो त्यालाही तास म्हणतात, म्हणून औताच्या तासावरून वेळेचा तास, एक तास काढायला लागतो तेवढा तास! ऐकायला गोड आहे. पण माझ्या मते नांगराचा तास तासण्यातला, म्हणजे संस्कृत 'तक्ष्' धातूचा. सुतार लाकूड तासतो, शेतकरी जमीन तासतो. दोन वेगळे शब्द, योगायोगाने एका रूपाचे. शिवाय बांधाची लांबी बघून तास ठरवायचा म्हटलं तर सपाट शिरोळचा तास वेगळा आणि डोंगराळ गगनबावड्याचा वेगळा होईल.

वाजण्याचा मुद्दा मात्र तुमच्या कामाचा आहे, कारण तुम्ही कथा लिहिता. आपल्याकडं वेळ बघायची नव्हती, ऐकायची होती. म्हणून आजही मुक्या मोबाइलकडं बघून आपण 'किती वाजले?' विचारतो. 'पाच वाजून दहा मिनिटं' यात तर अख्खा घडियालजी उभा आहे: पाच टोले पडले, त्यावर दहा मिनिटं गेली. आणि साडेतीन वाजले! अर्धा टोला आजवर कुणी ऐकलाय? भाषेला त्याची फिकीर नाही.

हिंदुस्थानात आलेल्या बाबराला हे टोले ऐकून एक अडचण दिसली. त्याने ती आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. रात्री जाग आली, तीन-चार टोले ऐकू आले, पण ते कितव्या प्रहरातले ते कळेना. म्हणून त्याने हुकूम काढला की घटकांचे टोले देऊन झाले की थोडं थांबून प्रहराचेही द्यावेत. झोपमोड झालेल्या माणसाचा हा शहाणपणा तुमच्या नायिकेला देऊन बघा. नुसते 'बाराचे टोले पडले' लिहिण्यापेक्षा किती टोले हुकले याची तिला लागलेली चुटपूट जास्त बोलेल.

पुढं यंत्राची घड्याळं आली. आमच्याकडं कोल्हापुरात नवा राजवाडा १८७७ ते १८८४ मध्ये उभा राहिला, आराखडा मेजर मँट यांचा, आणि मनोऱ्यावर घड्याळ. वेळेला काटे फुटले, ती लांबून दिसू लागली. जुनी नावं मात्र टिकली, फक्त जागा बदलून. टोल्याच्या थाळीचं नाव यंत्राला मिळालं, ते घड्याळ. दोन टोल्यांमधल्या साठ मिनिटांना मिळालं, तो तास.

आणि हिंदीत काय झालं? वाजणाऱ्या घंटेचं नाव साठ मिनिटांना मिळालं. म्हणजे हुबेहूब तेच. वर ज्या पोरावर मी तोंडसुख घेतलं त्याचा घंटा आणि माझा तास यांची कुळकथा एकच, आणि त्यातही घंटा संस्कृत, माझा तास परदेशी. तरीही मी दोन तासच म्हणणार.

घंटेवरून आठवलं. अंबाबाईच्या देवळाच्या उत्तर दरवाजाला घाटी दरवाजा म्हणतात. बाहेरगावचे भाविक विचारतात, इथं घाट कुठं आहे? माझा कयास असा की या घाटीचा चढ-उताराशी संबंध नाही. घाटी म्हणजे घंटाच. आमच्या पेठेतले दोन जाणते यावर माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते, आता बोलतात, पण विषय टाळून.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच होता. वेळ लांबी असेल तर पुल्लिंगी, ठरलेला क्षण असेल तर स्त्रीलिंगी. 'यायला वेळ झाला' म्हणजे उशीर, 'गाडीची वेळ झाली' म्हणजे उठा. वेळ सरला, वेळ गेला. वेळ आली, वेळ टळली. तुमच्या वाक्यात 'सरला'च. या एका लिंगबदलात अख्खी गोष्ट फिरवता येते, पण सध्या एवढंच.

'दूर कुठंतरी तास वाजला' हे वाक्य ठेवा. शब्द पक्का आहे. फक्त एक बघा: फ्लॅट ताराबाई पार्कातला, काळ आजचा, खिडक्या बंद, वर एसी चालू असं तुम्हीच लिहिलंय. मग तास वाजवतोय कोण?