वाचकांचे प्रश्न : तासाची सायकल, पण महापालिकेची

एका स्टेशनवरून सायकल उचलायची, काम असेल तिथल्या दुसऱ्या स्टेशनवर लावायची आणि मोकळं व्हायचं. सार्वजनिक सायकल योजना म्हणजे एवढंच. ती राबवू पाहणाऱ्यांकडून आणि तिच्यामुळे वैतागलेल्यांकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या महापालिकेकडे २०० सायकलींपुरता निधी आहे. प्रभाग १२ आहेत. प्रत्येक प्रभागात एकेक स्टेशन दिलं तर कुणाचीच तक्रार राहणार नाही, असं वाटतं. योग्य होईल ना?
*– एक नगरसेवक*

तक्रार राहणार नाही, कारण वापरणाराही राहणार नाही. दीड किलोमीटर चालत जाऊन सायकल घ्यायची आणि उतरल्यावर पुन्हा दीड किलोमीटर चालायचं, एवढं करण्यापेक्षा माणूस शेअर रिक्षात बसतो. जगभर ठरून गेलेला हिशेब असा: एका स्टेशनपासून पुढचं स्टेशन साधारण ३०० मीटरवर, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये १० ते १६ स्टेशनं. एका सायकलीमागे दोन ते अडीच डॉक (स्टेशनवर सायकल अडकवून कुलूपबंद करायची जागा), कारण येणाऱ्याला रिकामी जागा मिळाली नाही तर तो पुन्हा येत नाही.

तुमचे आकडे यात बसवून पाहा. २०० सायकलींना ४०० ते ५०० डॉक लागतील. दर स्टेशनला १८ डॉक धरले तर २२ ते २८ स्टेशनं होतात. म्हणजे तुमच्या पैशांत सुमारे दोन चौरस किलोमीटर व्यवस्थित भरतात. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, बाजारपेठ, कॉलेज आणि कचेरी ज्या दोन चौरस किलोमीटरमध्ये येतात ते निवडा आणि पूर्ण भरा. पुढचा पैसा आला की त्याच्याच कडेला नवीन स्टेशनं जोडत जा, मध्ये खिंडार ठेवू नका. बाकीच्या दहा प्रभागांना काय सांगायचं, हे आमच्यापेक्षा तुम्हालाच चांगलं कळतं.

खरं तर पूर्ण शहराला उपयोगी पडेल अशी योजना १० चौरस किलोमीटरच्या आत सहसा उभी राहत नाही. त्या भागात दीड लाख लोक राहत असतील तर दर हजारी १० या किमान दराने १५०० सायकली लागतात. ‘आधी छोटा प्रयोग करू, चालला तर वाढवू’ म्हणणारी बरीच शहरं तिथेच अडकतात. प्रयोग इतका छोटा असतो की तो चालणं शक्यच नसतं, आणि मग ‘आपल्याकडे लोक सायकल चालवत नाहीत’ असा निष्कर्ष फायलीत जातो.

जागेचं आताच पाहून ठेवा. १८ डॉकना साधारण १२ मीटर लांबी लागते, म्हणजे रस्त्याकडेला एकामागे एक उभ्या केलेल्या दोन मोटारींइतकी. ही जागा पार्किंगमधून काढा, फुटपाथवरून नको. फुटपाथवर घेणं अगदीच भाग असेल तर चालणाऱ्यांसाठी १.८ मीटर मोकळे सोडा. ते मोजताना विजेचा डीपी, झाडाचा कठडा आणि वडापावची गाडीही मोजा. नकाशावर यातलं काहीच दिसत नाही.

पुण्यात काही वर्षांपूर्वी पिवळ्या, नारिंगी सायकली जिथे तिथे दिसायच्या. त्या कुठे गेल्या? डॉक नसलेली योजना स्वस्त पडते असं ऐकतो.
*– एक वाचक, पुणे*

डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंध इथून सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी एकाहून अधिक कंपन्या उतरल्या. सायकली कंपन्यांच्या, भांडवलही त्यांचं. महापालिकेला स्वस्त पडलं खरं, पण ज्याला आपण पैसे देत नाही त्याला रोज सकाळी सायकली जागेवर आणून ठेव असं बजावता येत नाही. जगभरचं भांडवल आटलं तशा कंपन्या निघाल्या. ऑफो या कंपनीने तर २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला.

मधल्या काळात काय बिघडलं ते कुलपापासून सुरू होतं. मागच्या चाकावरच्या स्मार्ट कुलपाला बॅटरी लागते आणि अनेक सायकलींत ती बास्केटमधल्या सौर पट्टीवर चार्ज होते. सायकल सोसायटीच्या तळघरात नेऊन लावली की ऊनही नाही आणि नेटवर्कही नाही. काही दिवसांत कुलूप मुकं होतं, आणि अॅपवर सायकल दिसते ती शेवटचा सिग्नल मिळाला त्या जागी. शोधणारा तिथे जाऊन हात हलवत परत येतो. ‘ठरवलेल्या चौकटीतच लावा’ हा नियमही जीपीएसवर सोडता येत नाही. मोकळ्या जागी तो पाचेक मीटर चुकतो आणि दोन इमारतींमधल्या बोळात त्याहून कितीतरी जास्त. सायकल फुटपाथवर आहे की रस्त्यावर, हे त्याला कळायला मार्ग नाही.

जुन्या काळी तासाने सायकल देणारा दुकानदार गिऱ्हाइकाला तोंडाने ओळखायचा. कुलूप आणि अॅप त्या ओळखीच्या जागी आले आहेत, त्यामुळे तिथे काटकसर केली की बाकी सगळं ढासळतं. मधला मार्ग हवा असेल तर कुलूप सायकलीवर ठेवा, पण प्रत्येक स्टेशनला जमिनीत रोवलेलं साधं लोखंडी स्टँड, रंगवलेली चौकट आणि नाव-क्रमांकाचा फलक द्या. स्टँडला ब्लूटूथचा छोटा बीकन (जवळच्या सायकलीला खूण पाठवणारं यंत्र) लावला की सायकल खरंच तिथे आहे का, हे जीपीएसपेक्षा नेमकं समजतं. माँट्रियलच्या बिक्सी या सायकल योजनेने २००९ मध्ये तिसरा मार्ग दाखवला: सौर ऊर्जेवर चालणारी, जड पायाच्या पत्र्यावर बसवलेली स्टेशनं. त्यांना खोदकामही लागत नाही आणि वीजजोडणीही. मिरवणुकीच्या किंवा जत्रेच्या दिवसांत स्टेशन क्रेनने उचलून बाजूला ठेवता येतं. गणपतीच्या दहा दिवसांत रस्ते कसे बदलतात हे ज्याला माहीत आहे, त्याला याची किंमत कळेल.

सकाळी साडेनऊला वसाहतीतलं स्टेशन रिकामं आणि ऑफिसांजवळचं ओसंडून वाहत असतं. टेम्पो वाढवले तरी फरक पडत नाही. कुठे चुकतंय?
*– योजना चालवणाऱ्या कंपनीतील पर्यवेक्षक*

टेम्पोचं गणित मांडा. ‘छोटा हत्ती’त सहा ते आठ सायकली उभ्या मावतात. चढवायला आणि उतरवायला दर सायकलीला दीडेक मिनिट धरा: आठ सायकलींना १२ आणि १२ मिनिटं, वर गर्दीतून जाण्याची वीस. म्हणजे एका फेरीला पाऊण तास गेला. आठ ते दहाच्या गर्दीत एक गाडी दोनच पूर्ण फेऱ्या मारते आणि सोळा सायकली हलवते. तुमच्याकडे त्या वेळात शेकडो सायकली एकाच दिशेने जात असतील तर टेम्पोने ही भरती उलटवणं अशक्य आहे.

काम रात्री करायचं. पहाटे पाचपर्यंत वसाहतीतली स्टेशनं ८० टक्के भरलेली आणि ऑफिसांजवळची २० टक्क्यांवर असायला हवीत. सकाळी ऑफिसच्या टोकाला गाडीऐवजी माणूस ठेवा. साडेआठ ते अकरा तो आलेल्या सायकली डॉकबाहेर साखळीला एकत्र लावून घेतो, म्हणजे ‘जागा नाही’ म्हणून कुणी परत जात नाही.

चढ असेल तर वेगळीच गंमत होते. लोक उतारावर सायकलीने येतात आणि वर रिक्षाने जातात, त्यामुळे टेकडीवरची स्टेशनं कायम रिकामी. पॅरिसच्या वेलिब या सायकल योजनेने उंचावरच्या स्टेशनवर सायकल परत करणाऱ्याला वापराची १५ जादा मिनिटं बक्षीस द्यायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या सिटी बाइक योजनेत भरलेल्या स्टेशनवरून रिकाम्या स्टेशनवर सायकल नेणाऱ्या सभासदांना गुण मिळतात.

निविदेत सायकलीचं वर्णन काय लिहावं? ठेकेदार म्हणतो, बाजारातली चांगली सायकल रंगवून देतो.
*– कनिष्ठ अभियंता, नगरपरिषद*

घेऊ नका. तुमची घरची सायकल दिवसातून दोनदा चालते, आणि ती चालवणाऱ्याला तिची काळजी असते. ही सायकल चांगल्या योजनेत दिवसाला चार ते आठ फेऱ्या करते आणि रात्रभर पावसात उभी असते.

दांडा खाली वाकलेला असावा, म्हणजे साडीत, धोतरात आणि गुडघे दुखत असतानाही चढता येईल. साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला ओढणी अडकू नये अशी जाळी हवी. गिअर असतील तर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या आत, तीनच. बाहेरचा डीरेलर (साखळी सरकवून गिअर बदलणारा भाग) पहिल्या पावसात चिखलाने भरतो आणि उभी सायकल बाजूला पडली की वाकतो. ब्रेक ड्रमचे किंवा रोलरचे घ्या. रिमवर दाबणारे रबर ओल्या रिमवर उशिरा पकडतं. दिवा हबमधल्या डायनामोवर चालणारा आणि सिग्नलला थांबल्यावरही मिनिटभर जळत राहणारा असावा. नट-बोल्ट नेहमीच्या पान्याने न उघडणारे घ्या आणि चाकांचं, सीटचं माप बाजारातल्या सायकलीपेक्षा मुद्दाम वेगळं ठेवा. चोरून नेलेला भाग दुसऱ्या सायकलीला बसत नाही म्हटलं की चोरी निम्मी थंडावते. सीटचा खांब वर-खाली व्हावा, पण बाहेर निघता कामा नये. त्यावर १ ते ९ आकडे कोरून घ्या, म्हणजे आपला आकडा एकदा लक्षात ठेवला की काम झालं.

टायरबद्दल मतं वेगवेगळी आहेत. पंक्चर न होणारं भरीव टायर मेकॅनिकला आवडतं, पण आपल्या खड्ड्यांत त्याचा दणका स्पोकला आणि चालवणाऱ्याच्या पाठीला बसतो. जाड थराचं हवेचं टायर घ्या आणि हवा आठवड्याला तपासायची अट घाला. समोरची बास्केट उथळ आणि तळाला मोकळी असू द्या. खोल बास्केट संध्याकाळपर्यंत कचराकुंडी होते.

बिघडलेली सायकल ओळखायची खूण पॅरिसकरांनी आपणहून शोधली: सीट उलटी फिरवून ठेवायची. ती तुमच्या फलकावर चित्र काढून लिहा. फुकटात तपासनीस मिळतात.

पहिला अर्धा तास फुकट का द्यायचा? आणि मग ठेकेदाराला पैसे कशाचे?
*– लेखा विभागातील एक वाचक*

फुकट अर्धा तास सायकल लवकर परत यावी म्हणून असतो. तिसाव्या मिनिटानंतर दर चढत गेला की माणूस सायकल घरी नेऊन ठेवत नाही.

तिकिटातून पूर्ण खर्च निघेल असं गृहीत धरू नका. लंडनने प्रायोजक घेतला, आधी बार्कलेज आणि २०१५ पासून सँटँडेर. पॅरिसने २००७ मध्ये जाहिरातफलकांचा ठेका योजनेला जोडला. आपल्याकडे रस्त्यावरच्या पार्किंगचं शुल्क हा सरळ मार्ग आहे.

ठेकेदाराला सायकलींच्या संख्येवर पैसे दिले की सायकली गोदामात सुरक्षित राहतात. सेवेवर द्या. सकाळी ७ ते रात्री ८ या वेळात कुठलंही स्टेशन सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त रिकामं किंवा भरलेलं राहिलं तर कपात, बिघडलेली सायकल २४ तासांत हलवली नाही तर कपात. हे तपासण्यासाठी सगळी नोंद थेट महापालिकेच्या सर्व्हरवर यायला हवी, ठेकेदाराच्या मासिक अहवालातून नव्हे. करार संपताना काय होणार तेही आजच लिहा. १ जानेवारी २०१८ ला पॅरिसमध्ये ठेकेदार बदलला तेव्हा ठरलेल्या सहाशे स्टेशनांऐवजी पासष्टच्या आत सुरू होती आणि पुढे कित्येक महिने अनेक स्टेशनांना वीजजोडणीच मिळाली नव्हती. जुन्या-नव्या ठेक्यात काही महिने दोघेही हजर राहतील अशी अट घाला.

हेल्मेट सक्तीचं करावं का?
*– मुख्याध्यापिका*

नाही. मेलबर्न (२०१० ते २०१९) आणि सिअॅटल (२०१४ ते २०१७) या दोन्ही बंद पडलेल्या योजनांच्या शहरांत हेल्मेट सक्तीचं होतं. अचानक सायकल घेणाऱ्याच्या हातात ते नसतं. मोटारींचा वेग कमी केलात तर जास्त डोकी वाचतील.

आम्हाला १५ ऑगस्टला उद्घाटन करायचं आहे. आधी काय तयारी लागेल?
*– उपायुक्त*

तारीख बदला. पावसात कुणी सायकल शिकायला निघत नाही आणि पहिल्या महिन्याचे आकडे पडले की वर्तमानपत्रं ते वर्षभर उगाळतात. दसरा-दिवाळीनंतर सुरू केलंत तर सात कोरडे महिने हातात राहतात. त्याआधी दोन आठवडे पालिकेचेच २०० कर्मचारी सायकलींवर सोडा आणि त्यांना मुद्दाम चुका करायला सांगा: अर्धवट लावलेलं कुलूप, बंद पडलेला मोबाइल, एकाच वेळी एकाच स्टेशनवर तीस जण. हेल्पलाइन रात्री अकराला लावून पाहा. आणि समारंभासाठी शंभर सायकली एका मैदानात रांगेने उभ्या करू नका. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत आपापल्या स्टेशनवर पोहोचत नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवशी शहर पहिल्यांदा अॅप उघडून बघतं.