नव्या मंडळीत पहिल्या रविवारी

प्रिय बेटा,

सलाम.

पाळक म्हणून बदलीचं पत्र हाती पडलं, आता नव्या चर्चच्या मंडळीपुढे पहिल्या रविवारी ओळख करून देताना काय बोलू, असं तू विचारलंस. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वतःबद्दल थोडक्यात बोल, घरच्यांबद्दल त्यांना विचारून बोल, आणि बाकीची सगळी शक्ती मंडळीची ओळख करून घेण्यात घाल.

तयारीला बसशील तेव्हा बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र पुन्हा वाच, पण या वेळी पहिला आणि सोळावा अध्याय एकत्र वाच. रोमच्या मंडळीला पौल तोवर भेटलेला नव्हता. म्हणजे ते पत्र एका परीने त्याची ओळखच आहे. सुरुवातीला तो स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो, आणि लगेच म्हणतो की तुमच्या विश्वासाने मलाही उत्तेजन मिळावं. आपण फक्त द्यायला येतोय असं तो म्हणत नाही. आणि शेवटी? आधी फिबीची शिफारस, मग नावंच नावं. प्रिस्का आणि अक्विला, पर्सिस, रूफ आणि त्याची आई, जिला तो स्वतःचीही आई म्हणतो. पंचवीसेक माणसं तो नावानिशी आठवतो. न पाहिलेल्या मंडळीतली इतकी माणसं त्याला ठाऊक होती, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या युक्तिवादांइतकीच मोठी वाटते.

तुलाही हे जमेल. जाण्याआधी सेक्रेटरींना फोन करून अंथरुणाला खिळलेल्यांची नावं मागून घे. पोचलास की पहिल्याच आठवड्यात जुनं बाप्तिस्मा रजिस्टर उघड. नाव, आईबापांचं नाव, गाव, बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकाची सही. कुठे शाई पुसट झालेली असेल, कुठे एकाच तारखेला एकाच वाडीतली चार-पाच घरं एकाखाली एक लिहिलेली असतील. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तुझ्यासमोर बसणार आहेत. कुणी म्हणालं, ‘आमचे आजोबा अमक्या गावचे’, तर तुला ते गाव आधीच ठाऊक असू दे.

‘गाव कुठलं तुमचं?’ हा प्रश्न तुलाही येणारच. आपल्या लोकांत त्यामागे कधी नुसती आपुलकी असते, सोयरिकीचा धागा सापडतो का ते बघायचं असतं. कधी मात्र जात काढायची असते. बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या तरी ही खोड गेलेली नाही. तू गाव सरळ सांग, आजोबा काय काम करत होते तेही सांग. लपवू नकोस आणि सजवूही नकोस. पाळकच आडून बोलू लागला तर त्या चर्चमधल्या पोरांनी ताठ मानेने कुणाकडे बघावं?

दुसरा प्रश्न मिशनचा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन आपली सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, पण नगरकडे आजही जुनी माणसं ‘आम्ही अमेरिकन मिशनचे’, ‘आम्ही एस.पी.जी.वाले’ (म्हणजे इंग्रजांच्या अँग्लिकन मिशनचे) असं सहज म्हणून जातात. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, कसं द्यायचं, प्रार्थना पुस्तकातून की मनाने, यावरून कुरबुरीही होतात. पहिल्या रविवारी त्यात पडू नकोस. आधीच्या पाळकांचे मनापासून आभार मान आणि तिथेच थांब.

आता घरच्यांचं. इथे मला तुझ्याकडून खरी अपेक्षा आहे. पाळकाच्या बायकोने स्त्री-मंडळ चालवायचं, संडे स्कूल घ्यायचं, आल्या-गेल्याला चहा करायचा, हे आपल्याकडे कुणी न सांगता ठरलेलं असतं. नेमणूक तुझी झाली आहे, तिची नाही. शनिवारी रात्री तिला विचार, ‘उद्या तुझ्याबद्दल काय सांगू?’ ती नर्स आहे आणि तिला रात्रपाळी असते, एवढंच सांग म्हणाली तर तेवढंच सांग. ‘त्याही आपल्या सेवेत असतील’ हे वाक्य तिला न विचारता उच्चारू नकोस; त्या एका वाक्याने तिची पुढची काही वर्षं बांधली जातात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली, स्वतःच्या पायांनी तिथवर येऊन. मधल्या पाच वर्षांत त्यांच्या वतीने कुणाला हो म्हणता आलं नसतं. नवऱ्याच्या विश्वासाबरोबर बायकोचा विश्वास आपोआप येत नाही, मग सेवा कशी येईल?

मुलीलाही पुढे बोलावून वचन म्हणायला लावू नकोस. तिला वाटलं तर उभी राहील, नाहीतर आईजवळ सतरंजीवर बसेल. तिचं नाव आणि इयत्ता सांगितलीस की पुष्कळ झालं. तिच्या गमती उपदेशात उदाहरण म्हणून घालू नकोस. वर्गातली पोरं तेच सोमवारी तिला ऐकवतात.

पाळकाचं घर मंडळीचं असतं, त्यामुळे लोक न विचारता आत येतात. भेटायच्या वेळा पहिल्याच दिवशी सांगून टाक, आणि आजारपण, मरण असेल तर मध्यरात्रीही दार वाजवा, हेही त्याच दमात सांग.

जेवणाची आमंत्रणं लगेच येतील. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत दोन गट असतील तर पहिल्या पंगतीवरूनच ‘नवे साहेब कुणाचे’ ते ठरवलं जाईल. म्हणून पहिला आठवडा कुणाकडेच जेवायला जाऊ नकोस. ज्यांना चर्चला येता येत नाही त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जा, आणि त्या म्हाताऱ्यांना बोलू दे. कुठली घंटा कुणी दिली, कुठल्या दुष्काळात कोण उपाशी राहिलं, कोणाचं कोणाशी का बिनसलं, हे तुला तिथेच कळेल. ऐकलेलं बिनसणं मात्र दुसऱ्या घरी नेऊ नकोस.

बोलणं पाच मिनिटांत संपव, तेही सूचनांच्या वेळी. उपदेश त्या दिवशीच्या वचनावरच कर, स्वतःवर नको. उपासना संपली की दारात उभा राहा, प्रत्येकाला सलाम कर आणि नाव विचार. मागच्या रांगेतल्या, गर्दी ओसरेपर्यंत थांबणाऱ्या बायांना आधी विचार. बहुतेक पाळकांना त्यांची नावं शेवटपर्यंत कळत नाहीत, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

मुलीचा शाळेचा दाखला निघण्याआधीच काढून घे. सुनेला आणि तिला आमचे आशीर्वाद. रजिस्टरमध्ये काय सापडलं ते मला सवडीने कळव.

तुझा,
एक निवृत्त पाळक