माझ्याकडे सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर अशी लहान ते मोठ्या आकाराची तीन युकुलेले (गिटारसारखी, चार तारांची छोटी वाद्यं) आहेत. आता सॉलिड कोआचं, म्हणजे हवाईतल्या कोआ लाकडाच्या अखंड फळीचं, दुसरं टेनर खुणावतंय. घ्यावं का?

नको. निदान हातातलं टेनर नीट लावून होईपर्यंत तरी नको.

तुम्ही दोन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत: तुमच्या टेनरवर एफ कॉर्ड (एकत्र छेडायचा स्वरसमूह) बेसूर लागतो, आणि व्हिडिओतल्या कोआच्या मानाने आवाज बसका वाटतो. पहिल्या तक्रारीचा लाकडाशी काडीचाही संबंध नाही. ती नटची, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात त्या पट्टीची, करामत आहे. कारखान्यात नट थोडा उंचच ठेवतात, कारण तार उंच असली की खरखरत नाही, आणि खरखरणारं वाद्य गिऱ्हाईक परत पाठवतं. पण नट उंच असला की पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पडद्यावर) बोट दाबताना तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. खुल्या चारही तारा ट्यूनरवर चोख, आणि एफमधली ई तार मात्र १५-२० सेंट चढी! (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.) वरच्या फ्रेटांकडे गेलं की हा दोष विरत जातो, म्हणून नटवर कुणाचा संशय जात नाही. वाद्यच हलकं आहे असं ठरवून माणूस नवीन बघायला लागतो.

तपासायचं असं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम सरकेल एवढी हवी. पोस्टकार्ड सरकत असेल तर नट उंच आहे. तार सैल करून बाजूला घ्या, तारेच्या जाडीपेक्षा किंचित रुंद अशी गोल धारेची कानस घ्या, आणि खाच हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला, उतरती ठेवून घासा. दोन-तीन हात मारले की तार बसवा, सुरात लावा, पुन्हा फट बघा. घाई केलीत तर खाच खोल जाईल आणि खुली तार पहिल्या फ्रेटवर आपटेल. खाच उतरती न ठेवता सपाट घासलीत तर तार नटवर लोळते आणि सतारीच्या जवारीसारखी झणझणते. सतारीला ती शोभा, इथे दोष. खाच खोल गेलीच तर तिच्यात खाण्याचा सोडा दाबून भरा, वर सुपरग्लूचा एक थेंब सोडा. क्षणात दगड होतो, मग पुन्हा घासता येतो.

सॅडल म्हणजे दुसऱ्या टोकाला, ब्रिजमध्ये (वाद्याच्या अंगावर चिकटवलेल्या ठोकळ्यात) बसवलेली, तारा टेकायची पट्टी. त्याचं गणित सोपं आहे. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अडीच मिलिमीटर अंतर बरं, तीनच्या वर गेलं की बोटं कुरकुरतात. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. घासायचं ते खालून. पेन्सिलीने रेघ मारून, काचेवर पॉलिशपेपर पसरून. तळ वाकडा झाला आणि खाली पिकअप (आवाज अँप्लिफायरकडे पाठवणारा भाग) असला, तर एक तार ओरडते आणि शेजारची मुकी होते.

बसक्या आवाजाचं पहिलं कारण जुन्या तारा. तारेच्या पोटावरून नख फिरवा; फ्रेटांच्या जागी खाचा लागल्या तर ती तार संपली. नायलॉन असेल तर एकदा फ्लुओरोकार्बन लावून बघा. ते जास्त घन असतं, म्हणून त्याच सुरासाठी तार बारीक लागते आणि आवाज उजळतो. नव्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतील. तेवढ्यावरून खुंट्यांना नावं ठेवू नका.

आता कोआ. या विषयावर माझं एका वादकमित्राशी कायमचं वाजलेलं आहे. त्याच्या मते लॅमिनेट (पातळ थर चिकटवून केलेलं लाकूड) म्हणजे खेळणं आणि कोआ म्हणजे वाद्य. माझ्या मते टॉपची (वरच्या फळीची) जाडी आणि आतल्या पट्ट्या आधी येतात, लाकडाचं नाव फार नंतर. मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीने १९०७ मध्ये केलेली पहिली युकुलेले गिटारसारखी भक्कम बांधली होती, आणि ती चालली नाहीत. पुढे पातळ, हलक्या बांधणीच्या महोगनीवर तीच कंपनी १९१६ पासून जोरात चालली. वाद्यकार मारिओ माकाफेरीने १९४९ मध्ये आणलेलं आयलँडर युकुलेले तर चक्क प्लास्टिकचं होतं, पण फ्रेट जागच्या जागी असल्यामुळे सुरात वाजायचं. कोआ फक्त हवाईत उगवतो, दिसतो देखणा आणि गोष्ट त्याची मोठी, म्हणून त्याला मान आहे. तो मान डोळ्यांना द्या, कानांना फसवू नका. त्याच कुळातलं ऑस्ट्रेलियन ब्लॅकवुड डोळे मिटून ऐका आणि मग माझ्याशी भांडा.

शिवाय सॉलिड लाकूड म्हणजे पाळीव प्राणी. केसमध्ये ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा. ३५च्या खाली गेली की आधी फ्रेटची टोकं हाताला टोचतात, मग टॉप खचून तारा खरखरतात, मग तडा जातो. फार दमट झालं की टॉप फुगतो आणि तारा उंच होतात. लॅमिनेट यातलं बरंच निमूट सोसतं. प्रत्येक नवीन सॉलिडमागे एक आर्द्रतामापक आणि एक आठवण डोक्यात वाढते.

‘घ्यावं का’ या प्रश्नामागचा तुमचा खरा प्रश्न ‘किती पुरे’ हा आहे. आकडा मी सांगणार नाही, पण दोन वाद्यं एकच काम करत असतील तर त्यातलं एक जास्तीचं. तुमची तिन्ही बहुधा एकाच जी-सी-ई-ए या सुरांत लावलेली असणार. सी म्हणजे सा धरला तर प, सा, ग, ध. आणि हा प मंद्रातला नाही, सा-च्या वरचा. म्हणजे सा-च्या खाली उतरताच येत नाही. टेनरला एक सुटी लो-जी (खालच्या सप्तकातल्या जीची) तार लावा, मंद्र प, ध, नी हाताशी येतील. ती जाड असते, तेव्हा खाच आधी रुंद करा, नाहीतर अडकेल. सोप्रानो एक स्वर चढवून ए-डी-एफ शार्प-बीमध्ये लावा; आखूड तारेला ताण येतो आणि ते चमकतं. नवीन वाद्य न घेता तीन वेगळी वाद्यं झाली.

माझा हा नकार डी-जी-बी-ईमध्ये लावायच्या, टेनरहून मोठ्या बॅरिटोनला लागू नाही. त्याची तार ४८ ते ५१ सेंटिमीटरची, सूर खालचे, काम वेगळं. ते मागितलं असतंत तर लगेच हो म्हटलं असतं. डावखुऱ्यांचा प्रश्नही निराळा. आणि नट, सॅडल, तारा सगळं करूनही बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) यांच्यात १५ सेंटांहून जास्त फरक राहिला, तोही चारही तारांवर, तर ब्रिजच चुकीच्या जागी चिकटवलाय. तो हलवून घेण्यापेक्षा टेनर बदललेलं बरं. मग घ्या कोआ, पण पैसे मोजण्याआधी ट्यूनर लावून त्याचीही हीच परीक्षा घ्या.