झटके नाहीत, मग सलग ईईजी कशाला?

प्रश्न : दुचाकीच्या अपघातात धाकट्या भावाच्या डोक्याला जबर मार लागला. रक्ताची गाठ काढली. सूज असल्याने कवटीचा तुकडाही सध्या काढून ठेवलाय. पाच दिवस तो बेशुद्धच आहे. झटके येत नाहीत, अर्ध्या तासाच्या ईईजीतही (मेंदूतल्या विजेची नोंद घेणारी तपासणी) फिट दिसली नाही. तरी डॉक्टर ४८ तास सलग ईईजी लावायचा म्हणतात. गरज आहे का? त्यात शॉक देतात का?

उत्तर : शॉक अजिबात नाही. यंत्र मेंदूतली मायक्रोव्होल्ट इतकी बारीक वीज फक्त टिपतं, बाहेरून वीज सोडत नाही.

गरज मात्र नक्की आहे. अशा दुखापतीत हात-पाय न हलताही फिट येते. फार तर पापणी फडफडते किंवा नजर एकीकडे ओढली जाते, पुष्कळदा तेवढंही नाही. ती मधूनमधून येते, म्हणून अर्ध्या तासात हुकते; बेशुद्ध रुग्णात कधी २४ तासही पुरत नाहीत. ती चालू राहिली तर दुखावलेल्या मेंदूवर ताण येतो, डोक्यातला दाब वाढू शकतो. मिडॅझोलॅम किंवा प्रोपोफॉल ही गुंगीची औषधं कमी करताना दबलेली फिट वर येऊ शकते. त्यामुळे नेमक्या त्याच वेळी ईईजीच्या वायरी काढणार असतील, तर डॉक्टरांना जरूर विचारा.

इलेक्ट्रोड, म्हणजे डोक्याला चिकटवायच्या वायरींच्या छोट्या चकत्या, साधारण २१ लागतात. त्वचा घासून, पेस्ट लावून रोध (विजेला होणारा अडथळा) ५ किलोओहमच्या आत आणतात. टाक्यांमुळे एक इलेक्ट्रोड सरकवला, तर डोक्याच्या दुसऱ्या बाजूचा जोडीचाही तितकाच सरकवावा लागतो. नाहीतर दोन्ही बाजूंत नसलेला फरक दिसतो. हाड काढलेल्या बाजूच्या लहरी मुळातच उंच आणि टोकदार येतात. रिपोर्ट वाचणाऱ्याला ते माहीत नसेल, तर फिट समजून औषध वाढण्याची भीती असते. म्हणून कोणत्या बाजूचं हाड काढलंय, ते फॉर्मवर लिहिलंय ना, हे विचारून घ्या. फसवणाऱ्या गोष्टी आणखीही असतात : व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी हललं, छातीची फिजिओथेरपी चालली, तरी कागदावर तालबद्ध लहरी उमटतात.

तुमच्याकडून एवढं करा. डोक्याला तेल लावू नका, पेस्ट धरत नाही. खाटेजवळ मोबाइल चार्जिंगला लावू नका. पापणी, ओठ किंवा बोट फडफडताना दिसलं की घड्याळातली वेळ लिहून लगेच नर्सला सांगा. त्याच मिनिटाची नोंद काढून बघता येते. इलेक्ट्रोडखालची त्वचा लाल होतेय का, हे रोज तपासायला सांगा, कपाळावर आणि कानामागे विशेष.