वाचकांचे प्रश्न : क्योटोची गर्दीची बस आणि सोबतची वडीलधारी मंडळी

प्रश्न : एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जपानमधील क्योटोला जात आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत. तिथल्या बसमध्ये पाय ठेवायलाही जागा नसते, असे जाऊन आलेले लोक सांगतात. बसने फिरण्याचा विचार सोडून द्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पूर्णपणे सोडू नका, पण बसवर विसंबूनही राहू नका. क्योटो महापालिकेची ट्राम १९७८ साली बंद झाली आणि भुयारी रेल्वेच्या आजही दोनच मार्गिका आहेत. त्यामुळे त्यांच्यापासून दूर असलेल्या मंदिरांकडे जाणारा सारा भार अरुंद रस्त्यांवरून धावणाऱ्या बसवर पडतो. तुम्ही जात आहात तो तर चेरीच्या बहराचा काळ. शिवाय याच बसमधून तिथले विद्यार्थी शाळा-कॉलेजला आणि म्हातारी माणसे दवाखान्यात जात असतात. त्यांची अडचण आपल्यामुळे वाढू नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून लांबचा पल्ला रेल्वेने गाठावा आणि बस फक्त उरलेल्या अंतरासाठी ठेवावी. फुशिमी इनारी देवस्थानाला जेआरचे (जपान रेल्वेचे) इनारी स्थानक अगदी समोर आहे, अराशियामा भागासाठी सागा-अराशियामा स्थानक आहे आणि नान्झेन-जी मंदिराला भुयारी रेल्वेच्या तोझाई मार्गिकेवरील केआगे स्थानकावरून चालत जाता येते. किन्काकु-जी या सुवर्णमंदिराला जाताना क्योटो स्थानकापासून बसमध्ये उभे राहण्यापेक्षा भुयारी रेल्वेने किताओजीपर्यंत जावे आणि तिथून बस धरावी.

कियोमिझु-देरा मंदिराचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे, कारण जवळच्या रेल्वे स्थानकापासूनही बरीच चढण चालावी लागते आणि तिकडे जाणारी २०६ क्रमांकाची बस नेहमीच भरलेली असते. जून २०२४ पासून शनिवार-रविवारी आणि सुट्यांच्या दिवशी क्योटो स्थानकावरून पर्यटकांसाठी मोजके थांबे घेणारी जलद बस सुटते. तिचे भाडे ५०० येन, म्हणजे साध्या बसच्या २३० येनांच्या दुपटीहून अधिक आहे. तरी आई-वडील सोबत असताना ते जरूर द्यावे. इतर दिवशी सकाळी लवकर निघावे. स्थानकाबाहेरच्या बसतळावरूनच अनेक बस सुटत असल्याने, समोरची बस भरलेली दिसली तर ती जाऊ देऊन रांगेत पुढे राहिल्यास पुढच्या बसमध्ये बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मधल्या थांब्यावर ती सोय नसते.

बसमध्ये वाहक नसतो. मागच्या दाराने चढायचे आणि पुढच्या दाराने, चालकाशेजारच्या यंत्रात भाडे भरून उतरायचे, अशी तिथली पद्धत आहे. शहराच्या मुख्य भागात भाडे सरसकट एकच असल्याने इकोका किंवा सुइका हे आधी पैसे भरून ठेवलेले प्रवासी कार्ड उतरतानाच एकदा टेकवायचे असते. कार्ड नसेल तर नेमके २३० येन हाताशी ठेवावेत, कारण यंत्र उरलेले पैसे परत देत नाही. १००० येनांची नोट मोडण्याची खाच त्याच यंत्राला असते, पण तिथे नोट घातली म्हणजे भाडे भरले असे होत नाही. मिळालेल्या सुट्ट्या नाण्यांतून २३० येन मोजून पुन्हा भाड्याच्या पेटीत टाकावे लागतात. हे काम उतरताना करत बसलात, तर मागची सगळी रांग खोळंबते. पूर्वीचा फक्त बसचा दिवसभराचा पास आता मिळत नाही. बस आणि भुयारी रेल्वे यांचा एकत्रित पास ११०० येनांना आहे. दिवसात बसच्या चार फेऱ्याच होणार असतील, तर ९२० येनांत काम भागते आणि पासची गरज उरत नाही.

आपल्याकडे थांबा यायच्या आधीच दाराशी जाऊन उभे राहण्याची सवय असते. तिथे उतरण्याचे बटण दाबावे आणि बस पूर्ण थांबल्यावरच जागेवरून उठावे. आई-वडिलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण तोल जाण्याचा धोका चालत्या बसमध्येच असतो. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावी आणि मोठ्या बॅगा स्थानकावरच्या लॉकरमध्ये किंवा हॉटेलात ठेवाव्यात. वडीलधाऱ्यांसाठी राखीव आसने प्रत्येक बसमध्ये असतात. तिथे कोणी तरुण बसलेला असेल, तर नम्रपणे विचारण्यात काहीच गैर नाही.

संध्याकाळी गिओन या जुन्या भागातून परतताना मात्र बसच्या रांगेत उभे राहू नका. गिओन-शिजो स्थानकावरून केइहान रेल्वेने तोफुकु-जीला जा; तिथे जेआरची गाडी धरली की पुढचेच स्थानक क्योटो.