सुडो लावलं की चालतं, म्हणजे परवानगीचाच घोळ ना?

प्रश्न : नाना, नमस्कार. मी केळीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही बघतो. काटापावत्यांचं सॉफ्टवेअर उबुंटूवर टाकायचं होतं. सावद्याच्या मित्राकडे तीच इन्स्टॉल स्क्रिप्ट एका दमात चालली. माझ्याकडे ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबते, आणि त्या ओळीत फोल्डरचा पत्ता दोनदा दिसतो. सुडो (म्हणजे मुख्य अधिकाराने कमांड चालवणं) लावलं की मात्र चालते. परवानगीचा घोळ समजून सगळ्या फोल्डरांना ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा) दिलं, तरी फरक नाही.
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : भाऊ, आधी ते ७७७ काढा. घराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवल्यासारखं झालंय ते.

तुमची बॅशआरसी फाइल (टर्मिनल उघडताना वाचली जाते ती) आणि स्क्रिप्टच्या पहिल्या दहा ओळी मी मागवून घेतल्या, ते बरं झालं. बॅशआरसीच्या तळाशी एक ओळ आहे: एक्स्पोर्ट सीडीपाथ, आणि त्यात दोन जागा, एक टिंब, म्हणजे आत्ता आहात ते फोल्डर, आणि दुसरी तुमचं ‘काम’ फोल्डर. कधीतरी कुठून तरी उचलून टाकली असेल, आता आठवतही नसेल. दुखणं तिथंच आहे.

तुमच्याच काट्यावरचं पावतीपुस्तक घ्या. वरचं पान म्हणजे तुमचं शेल, टर्मिनलमध्ये तुमच्या कमांडा वाचून चालवणारा प्रोग्रॅम. एक्स्पोर्ट करणं म्हणजे त्या पानाखाली कार्बन लावणं. मग त्या शेलमधून जो प्रोग्रॅम सुरू होईल, त्याच्या हातात नक्कल पडते. स्क्रिप्टने मागितली असो वा नसो.

आता सीडीपाथ करतो काय? सीडी ही फोल्डर बदलायची कमांड. तुम्ही ‘सीडी सेटअप’ म्हणालात की शेल आधी त्या यादीतल्या जागी सेटअप शोधतं. तिथं सापडलं तर आत शिरतं आणि पूर्ण पत्ता पडद्यावर छापतं, कुठं पोचलो ते माणसाला कळावं म्हणून. टर्मिनलवर बसलेल्याला ते सोयीचं. पण स्क्रिप्टची चौथी ओळ म्हणते: माझ्या फोल्डरात (म्हणजे सेटअपमध्ये) सीडी कर, मग पीडब्ल्यूडी कर (म्हणजे आत्ताच्या फोल्डरचा पत्ता छाप), आणि जे छापून येईल ते ‘जागा’ या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे त्या नावाच्या कप्प्यात, ठेव. एकदा सीडीनं छापलं, एकदा पीडब्ल्यूडीनं. ‘जागा’मध्ये एकाखाली एक दोन पत्ते बसले, आणि पुढे कॉपी करणारी कमांड त्या जोडपत्त्यावर फाइल शोधत बसली. मित्राकडे सीडीपाथ नाही, म्हणून त्याचं सुरळीत.

पडताळा हवा असेल तर सेटअप फोल्डरच्या आत जा आणि टिंब-स्लॅश लावून स्क्रिप्ट चालवा. सुडोशिवाय चालेल, कारण पत्ता नुसतं टिंब असला किंवा टिंब-स्लॅशने सुरू होत असला, की शेल सीडीपाथ बघतच नाही. आणि सुडोने का चालली? सुडो ती नक्कल जवळपास सगळी फाडून टाकतं आणि मोजकीच व्हेरिएबल पुढे जाऊ देतं. परवानगीचा संबंधच नव्हता. नशीब समजा की यादीत टिंब पहिलं आहे. तसं नसतं आणि ‘काम’मध्ये दुसरं एखादं सेटअप असतं, तर स्क्रिप्ट भलत्याच घरात शिरली असती, तीही तक्रार न करता.

इलाज: बॅशआरसीत फक्त ‘एक्स्पोर्ट’ हा शब्द खोडा. सीडी ही शेलची स्वतःचीच कमांड, तिला कार्बन लागत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाही कळवा, की वरच ‘अनसेट सीडीपाथ’ टाक, म्हणजे आलेला सीडीपाथ पुसला जाईल. ऑटोकॉन्फ या साधनाने बनवलेल्या कॉन्फिगर स्क्रिप्टा हे कितीतरी वर्षांपासून करतात.

मग ‘एन्व्ही’ या कमांडला वजा-आय लावून नकलेतलं सगळंच का पुसू नये, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. त्यात होम (तुमचं घरचं फोल्डर), पाथ (कमांडा कुठं शोधायच्या ती यादी) आणि ऑफिसच्या प्रॉक्सीचा, म्हणजे इंटरनेटच्या वाटेतल्या कॉम्प्युटरचा, पत्ताही जातो, आणि डाउनलोड अडलं की पुन्हा मलाच फोन. गुपचूप वागणूक बदलणारी व्हेरिएबल तेवढी काढावीत. तारीख किंवा कमांडचं उत्तर वाचून स्क्रिप्ट काही ठरवत असेल तर एलसी-ऑल या व्हेरिएबलला ‘सी’ करावं, नाहीतर मराठी लोकेलवर (भाषेच्या सेटिंगवर) महिन्याचं नाव ‘जानेवारी’ येतं आणि स्क्रिप्ट ‘जॅन’ शोधत राहते.

प्रीफिक्सने, म्हणजे कुठं इन्स्टॉल करायचं ते सांगणाऱ्या व्हेरिएबलने, मी स्वतः पोळलोय. भुसावळला एका ऑफिसात सकाळच्या चाचणीसाठी प्रीफिक्स एक्स्पोर्ट केला आणि विसरलो. संध्याकाळी त्याच टर्मिनलमधून खरं इन्स्टॉल केलं, ते सगळं चाचणीच्या फोल्डरात गेलं. रात्री तो फोल्डर मीच साफ केला. मे महिन्यातला उकाडा, वर दुसऱ्या दिवशी साहेबांचा चेहरा! तेव्हापासून माझी स्क्रिप्ट ‘इथे टाकतोय, चालेल?’ असं पत्ता दाखवून विचारते आणि हो म्हटल्याशिवाय हलत नाही.

प्रश्न : स्क्रिप्टच्या आत पाथ एक्स्पोर्ट केला. स्क्रिप्ट संपल्यावर टर्मिनलमध्ये जुनाच पाथ. असं का?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : ताई, नकलेवर खाडाखोड केली तर वरच्या पानावर उमटत नाही. स्क्रिप्ट ‘सोर्स’ लावून चालवा, म्हणजे तुमचंच शेल तिच्या ओळी वाचेल आणि पाथ टिकेल. मात्र आधी फाइल उघडून बघा. आत कुठे ‘एक्झिट’ असेल तर टर्मिनलच बंद पडेल.